पुन्हा उभे राहण्यासाठी : रुग्णालय, दिवसकेंद्र की घरचा उंबरठा?

धाराशिव जिल्ह्यात ‘पुनर्वसन’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर प्रथम उभे राहते ते भूकंपानंतर वसविलेले गाव. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांवर जी आपत्ती कोसळली, तिच्यानंतर ५२ गावे मूळ जागेवरून हलवून नव्या जागी वसविण्यात आली. वैद्यकशास्त्रात याच शब्दाला निराळा अर्थ आहे. आजार, इजा अथवा वार्धक्य यांमुळे गमावलेली हालचालीची आणि स्वावलंबनाची शक्ती जितकी शक्य असेल तितकी रुग्णाला परत मिळवून देणे, म्हणजे पुनर्वसन. भूकंपाच्या वेळी पस्तिशीत असलेली माणसे आज पासष्टीच्या पुढे गेली आहेत. पहिल्या अर्थाच्या पुनर्वसनातून जी पिढी गेली, तिलाच आता दुसऱ्या अर्थाच्या पुनर्वसनाची गरज भासू लागली आहे.

ही गरज काही एकाच जिल्ह्याची नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १ कोटी ११ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ दहा टक्के होती. त्याच जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजार ५७६ एवढी नोंदली गेली. तीत ग्रामीण रहिवाशांचे प्रमाण शेकडा ऐंशीहून अधिक होते. आठ तालुक्यांत पसरलेल्या या लोकवस्तीत वृद्धांना चालते-फिरते ठेवण्याचे उपचार कोठे मिळावेत, जिल्ह्याच्या रुग्णालयात, तालुक्याच्या ठिकाणी की रुग्णाच्या घरी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात, माणूस पुन्हा आपल्या पायांनी अंगणापर्यंत जाईल की खाटेवरच राहील, हे पुष्कळदा याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

दुर्बलता हा आजार नव्हे, पण...

वय झाले म्हणजे अशक्तपणा येणारच, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. ऐंशी वर्षांचा एखादा शेतकरी रोज शेताची फेरी मारून येतो, तर त्याच्याच वयाचा शेजारी ओसरीवरून खाली उतरताना भिंतीचा आधार शोधतो. दोघांच्या वयात फरक नाही; फरक आहे तो शरीराच्या शिलकीत. अमेरिकेतील वृद्धवैद्यकतज्ज्ञ लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या दुर्बलतेची पाच लक्षणे निश्चित केली : नकळत घटलेले वजन, सततचा थकवा, हाताच्या मुठीची कमी झालेली पकड, मंदावलेली चाल आणि एकूण हालचालीतील घट. यांपैकी तीन वा अधिक लक्षणे आढळल्यास ती व्यक्ती दुर्बल समजावी आणि एक किंवा दोन आढळल्यास ती दुर्बलतेच्या वाटेवर आहे असे मानावे, असा हा निकष आहे.

अशा व्यक्तीच्या बाबतीत लहानसे निमित्तही पुरेसे ठरते. चार दिवसांचा ताप, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती किंवा न्हाणीघरात पाय घसरणे, एवढ्यावरून माणूस अंथरुणाला खिळतो. विश्रांती ही आपल्याकडे औषधाइतकीच मानाची गोष्ट. घरात कोणी आजारी पडले की ‘पडून राहा, उठू नका’ असे सांगणे हे प्रेमाचे लक्षण मानले जाते. तथापि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस सक्तीची विश्रांती दिली असता त्यांच्या दोन्ही पायांतील मांसल भाग मिळून जवळजवळ एक किलोने घटल्याचे आढळले. हे निरोगी माणसांचे झाले. आधीच दुर्बल असलेल्यांची शिल्लक किती झपाट्याने संपत असेल, याची कल्पना यावरून करता येईल.

अंदाज घेण्याची एक साधी रीत आरोग्य केंद्रातच नव्हे, तर घरीही वापरता येते. वृद्ध व्यक्तीला खुर्चीवरून उठून तीन मीटर चालत जाण्यास, वळून परत येण्यास आणि पुन्हा खुर्चीवर बसण्यास सांगावे व घड्याळ लावावे. एवढ्यास बारा सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागत असेल, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे समजून तपासणी करून घेणे इष्ट. ही चाचणी घेताना शेजारी कोणी तरी उभे असावे, हे वेगळे सांगावयास नको.

दिवसाच्या रुग्णालयाची कल्पना

दुर्बल वृद्धांना पुन्हा उभे करता येते, हा विचार फार जुना नाही. लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरन यांनी १९३५ नंतर, ‘असाध्य’ म्हणून वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या वृद्धांची नीट तपासणी करून त्यांना हालचाल करावयास लावली आणि त्यांतील अनेकांना घरी पाठविता आले. पुढे १९५० च्या दशकात ऑक्सफर्ड येथे डॉ. लायोनेल कॉसिन यांनी वृद्धांसाठी दिवसाचे रुग्णालय चालविले. रुग्णाने सकाळी यावे, वैद्यकीय तपासणी, भौतिकोपचार, व्यवसायोपचार, जेवण आणि सोबत्यांच्या गप्पा असा दिवस काढावा व संध्याकाळी आपल्या घरी परतावे, अशी ही योजना होती. रात्री खाट अडत नाही आणि रुग्ण घरापासून तुटत नाही, हे तिचे दोन लाभ. पाश्चात्त्य देशांत ती चांगलीच रुजली.

मग अभ्यासकांनी विचारले : एवढ्या खर्चाची ही व्यवस्था घरी जाऊन दिलेल्या उपचारांपेक्षा खरोखर सरस आहे काय? २०१५ मध्ये १६ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. ज्या वृद्धांना कसलीच सुसूत्र सेवा मिळत नाही, त्यांच्यापेक्षा दिवसाच्या रुग्णालयात जाणाऱ्यांची स्थिती बरी राहते, असे त्यातून दिसले; परंतु घरी मिळणाऱ्या चांगल्या सेवेपेक्षा ते श्रेष्ठ असल्याचे सिद्ध झाले नाही. ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे २२९ रुग्णांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत तर पारडे घराकडे झुकले. रुग्णालयातून सुटल्यावर काहींना दिवसाच्या रुग्णालयात बोलाविले गेले, तर काहींकडे उपचारक घरी गेले. तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांची हालचालीची क्षमता सारखीच सुधारलेली होती. मात्र केंद्रात जाणाऱ्यांना पुन्हा रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे प्रमाण अधिक होते आणि त्यांची काळजी घेणाऱ्या नातलगांवरील ताणही जास्त होता.

ॲडलेड हे मोटारींचे आणि गुळगुळीत रस्त्यांचे शहर आहे. तेथील निष्कर्ष जसाच्या तसा परंड्याला किंवा उमरग्याला लावणे योग्य होणार नाही. तथापि प्रवासाचा ताण हेच जर तेथील फरकाचे एक कारण असेल, तर येथे ते अधिकच लागू पडेल.

एस. टी.ची पहिली पायरी

उमरगा ते धाराशिव हे अंतर सुमारे ९० किलोमीटर. म्हणजे एका उपचारासाठी जाण्यायेण्यातच चार तासांहून अधिक वेळ मोडतो. गावातून फाट्यावर येण्याचा आणि गाडीची वाट पाहण्याचा वेळ निराळा. भौतिकोपचाराचे सत्र मात्र अर्ध्यापाऊण तासाचे. स्नायूंना बळ यावयाचे तर असे सत्र आठवड्यातून दोन-तीनदा आणि तेही कित्येक आठवडे व्हावे लागते. राज्य परिवहन महामंडळाने पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास दिला. ६५ ते ७५ वयोगटाला निम्म्या भाड्याची सवलत आहे आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांनाही ती मिळते. यामुळे खर्चाचा भार निश्चितच हलका झाला. परंतु ज्याचे गुडघे वाकत नाहीत त्याच्यापुढे प्रश्न तिकिटाचा नसतो, तो गाडीच्या पहिल्या उंच पायरीचा असतो. ती चढवून देण्यासाठी घरातील एक माणूस सोबत लागतो आणि त्या माणसाचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो. श्रावणबाळ योजनेखाली जुलै २०२३ पासून मिळणाऱ्या दरमहा १,५०० रुपयांच्या निवृत्तिवेतनात असे किती दिवस बसवायचे, हा हिशेब प्रत्येक घर मनातल्या मनात करते. उपचार मध्येच सोडून देणाऱ्यांना बेफिकीर म्हणण्यापूर्वी हा हिशेब ध्यानात घेतला पाहिजे.

जिल्ह्याच्या भूगोलाची आणखी एक गोष्ट आहे. परंड्याच्या लोकांना बार्शी जवळची, कळंबकरांना लातूर वा अंबाजोगाई, तर उमरगेकर अनेकदा सोलापूरचा रस्ता धरतात. शस्त्रक्रिया एका जिल्ह्यात झालेली, घर दुसऱ्या जिल्ह्यात, आणि पुढील व्यायामाची चिठ्ठी पिशवीच्या तळाशी पडलेली, असे दृश्य त्यामुळे अपवादात्मक राहत नाही. मांडीचे हाड बसविण्याची शस्त्रक्रिया यशस्वी होते, परंतु पायांत बळ आणण्याचे काम कोणाकडेच सोपविलेले नसते.

म्हणून जिल्हा रुग्णालय निरुपयोगी ठरते असे नाही. धाराशिव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू होऊन २०२२ पासून शंभर विद्यार्थ्यांना प्रवेश मिळू लागला. अस्थिरोग, हृदयविकार, मधुमेह, दृष्टी व श्रवण या सर्वांचा एकत्र विचार व्हावयाचा तर तो अशाच ठिकाणी होऊ शकतो. वारंवार पडणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत दोष पायांत आहे, रक्तदाबाच्या गोळीत आहे, की डोळ्यांत, हे ठरविल्यावाचून व्यायाम सुरू करणे म्हणजे नाडी न पाहता काढा देणे. पहिली सर्वांगीण तपासणी आणि पुढे ठरावीक काळाने फेरतपासणी हे जिल्हा रुग्णालयाचे काम होय. आठवड्याला तीनदा पाय हलवून घेण्यासाठी तेथे बोलाविणे मात्र ना रुग्णाच्या हिताचे, ना रुग्णालयाच्या.

मधली पायरी

केंद्र शासनाने २०१०-११ पासून वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि तो टप्प्याटप्प्याने देशभर नेला. त्याची रचना या संदर्भात पाहण्यासारखी आहे. जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा कक्ष, स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग व भौतिकोपचार विभाग. ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर आठवड्यातून दोनदा वृद्धांचे चिकित्सालय आणि व्यायाम करून घेणारा पुनर्वसन कार्यकर्ता. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस वृद्धांसाठी. आणि उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यांनी खिळलेल्या रुग्णांच्या घरी भेट द्यावी, अशी ही उतरंड आहे. घरभेट ही या कार्यक्रमाच्या आराखड्यातच आहे, ती कोणाची मेहेरबानी नव्हे, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. २०१८ पासून उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर सुरू झाले आणि २०२३ च्या अखेरीस त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले. त्यांच्या सेवांमध्येही वृद्धांची काळजी समाविष्ट आहे. आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी जो तक्ता भरते, त्यात साठीपुढच्यांना उभे राहताना वा चालताना तोल जातो का, रोजच्या कामात दुसऱ्याची मदत लागते का, असेही प्रश्न आहेत. दुर्बल वृद्ध कोणत्या गल्लीत, कोणत्या घरात आहेत, हे शोधण्याचे साधन म्हणजे शासनाच्या हातात आधीच आहे.

तालुक्याच्या किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या ठिकाणी आठवड्यातून एकदोनदा येणे हे, ज्याला काठीच्या आधाराने का होईना चालता येते, अशा वृद्धासाठी सर्वांत व्यवहार्य ठरावे. समांतर दांड्या, खांद्याचे चक्र, कप्पी ही साधने तेथे वापरता येतात. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे तेथे आपल्यासारखेच आणखी चार जण भेटतात. घरी एकट्याने व्यायाम करावयाचा कंटाळा येतो. तेच शेजारच्या गावचा समवयस्क हात वर करताना दिसला की आपलाही हात वर जातो. बाजाराच्या दिवशी हे चिकित्सालय ठेवल्यास गावाकडून येणाऱ्या वाहनांची सोय आपोआप होईल, ही गोष्ट वेळापत्रक ठरविताना विचारात घेण्याजोगी आहे.

उंबरठ्यावरची तालीम

घरी दिल्या जाणाऱ्या उपचारांचे खरे बळ एकाच गोष्टीत आहे : तेथे माणूस ज्या जागी पडतो त्याच जागी चालण्याचा सराव होतो. रुग्णालयातील फरशी सपाट असते. घरी उंच उंबरठा असतो, ओसरीच्या दगडी पायऱ्या असतात, शौचालय अंगणाच्या टोकाला असते आणि ते बहुधा उकिडवे बसण्याचे असते. उपचारक घरी आला की त्याला हे सारे दिसते. मग भिंतीला बांबूची आडवी काठी बसविणे, खाटेच्या पायथ्याशी उठण्यासाठी दोर बांधणे, जुन्या खुर्चीची बैठक मधोमध कापून तिचे शौचासन करणे, रात्री वाटेवर दिवा ठेवणे, अशा थोड्या खर्चाच्या सुधारणा सुचविता येतात. आहाराकडेही लक्ष जाते. एक चतकोर भाकरी आणि पातळ कालवणावर राहणाऱ्या वृद्धाकडून नुसता व्यायाम करून घेतल्यास स्नायू भरणार नाहीत. त्याला डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे यांतून प्रथिने मिळाली पाहिजेत. दात नसतील तर शेंगदाण्याचे कूट करावे लागेल, हे घरीच कळते.

न्यूझीलंडमध्ये १९९० च्या दशकात तयार झालेला ओटागो व्यायामक्रम याच तत्त्वावर आधारलेला आहे. पायांचे बळ आणि तोल वाढविणारे ठरावीक व्यायाम घरच्या घरी, हळूहळू भार वाढवीत करावयाचे आणि शिकविणाऱ्याने काही भेटी देऊन त्यावर देखरेख ठेवावयाची. त्यामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने घटल्याचे आढळले. या क्रमाची सर्वांत आशादायक बाजू अशी की, भौतिकोपचारतज्ज्ञाऐवजी प्रशिक्षित परिचारिकेने तो शिकविला तरीही लाभ झाल्याचे २००१ मधील चाचणीत दिसून आले.

येथवर वाचून, मग घरच्यांनाच शिकवून मोकळे व्हावे, असे कोणी म्हणेल. तसे मात्र नाही. भारतातच, १४ रुग्णालयांतील १,२५० पक्षाघाताच्या रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णाच्या नातलगाला रुग्णालयातच व्यायाम शिकवावयाचे आणि नंतर दोन महिन्यांपर्यंत घरी त्याचा पाठपुरावा करावयाचा, अशी पद्धत होती. सहा महिन्यांनंतर पाहिले तेव्हा मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, शेकडा ४७ होते. पक्षाघात आणि वार्धक्याची दुर्बलता या एकच गोष्टी नव्हेत. तरीही उपचारकाची संपूर्ण जबाबदारी नातलगांच्या खांद्यावर टाकता येणार नाही, हा या चाचणीचा इशारा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर नातलग घरी असतील हेदेखील गृहीत धरता येत नाही. दिवाळीच्या सुमारास भूम, वाशी, कळंब, परंडा या भागांतून ऊसतोडणीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. जोडप्याची कोयता म्हणून उचल झालेली असते. घरी राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळकरी नातवंडे. थंडीच्या याच महिन्यांत सांधे अधिक आखडतात. अशा घरात उपचार शिकविणार कोणाला? येथे गावातीलच एखादी प्रशिक्षित व्यक्ती ठरावीक दिवशी येत राहिली, तरच घरचा उपचार या शब्दाला अर्थ राहतो.

असे करता येते, याचे दाखले फार दूर शोधावे लागत नाहीत. भूम तालुक्याला लागून असलेल्या जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावोगावच्या, बव्हंशी निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने ग्रामीण स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून प्रशिक्षित केले. बाळंतपण, अतिसार, कुपोषण हे त्या काळचे प्रश्न होते. ज्या हातांनी बाळाचे वजन घेतले, त्या हातांना आजीचा तोल सावरण्याचे शिक्षण देता येणार नाही असे मानण्यास काही कारण दिसत नाही. अर्थात आशा कार्यकर्तीच्या कामाची यादी आधीच लांब आहे. हे काम तिच्याकडे द्यावयाचे तर त्याचा मोबदला आणि प्रशिक्षणाचे दिवस यांची तरतूदही त्याबरोबरच झाली पाहिजे.

कोणासाठी कोणती जागा

एवढ्या विवेचनावरून असे दिसते की जागेची निवड रुग्णाच्या आजच्या अवस्थेवरून व्हावी आणि अवस्था पालटली की जागाही पालटावी. उमरगा तालुक्यातील पंचाहत्तरीची एखादी स्त्री मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर घरी आली, असे समजू. पहिले काही आठवडे तिला गाडीत बसविण्याची घाई नको. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी किती भार द्यावयाचा ते लेखी द्यावे आणि त्यानुसार शिकविणाऱ्याने घरी यावे. ती अंगणापर्यंत चालू लागली की तिने आठवड्यातून एकदोनदा उमरग्याच्या उपजिल्हा रुग्णालयात जावे. सुधारणा खुंटली, वजन घटू लागले, पुन्हा पडणे झाले किंवा विस्मरण वाढले, तरच जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन सर्व तपासण्या कराव्यात. ज्या वृद्धाचे पाय बरे आहेत पण दिवसभर घरी एकटेपणाने जो खचला आहे, त्याला याउलट घरातला उपचार पुरणार नाही; त्याच्यासाठी माणसांत जाणे हाच उपचाराचा मोठा भाग होय.

पैशाच्या बाजूने एक खुलासा आवश्यक आहे. सत्तर वर्षांवरील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डाद्वारे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्यात आले. ते प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण म्हणून किंवा घरी घेतलेला भौतिकोपचार त्यात सहसा येत नाही. कार्ड आहे म्हणून खाजगी उपचारकाचे पैसे परत मिळतील, या समजुतीत राहू नये. शासकीय रुग्णालयातील सेवेचाच लाभ घ्यावा.

साधनांसाठी मात्र निराळ्या योजना आहेत. केंद्र शासनाच्या २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून गरजू वृद्धांना काठी, वॉकर, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र अशी साधने शिबिरांद्वारे मोफत दिली जातात. राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजनेखाली, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाख रुपयांच्या आत असलेल्या ६५ वर्षांवरील व्यक्तींना अशी साधने घेण्यासाठी एकरकमी ३,००० रुपये थेट बँक खात्यात देण्याची तरतूद केली. साधन हाती पडले तरी ते मापाचे आहे की नाही हे तपासणे राहूनच जाते. सरळ उभे राहून हात मोकळा सोडला असता मनगटाच्या घडीपर्यंत मूठ यावी, एवढी काठीची उंची असावी. ती दुखऱ्या पायाच्या नव्हे, तर त्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. आणि टोकाचे रबर झिजले की, घसरण्याची वाट न पाहता, ते बदलून घ्यावे.